तेलाच्या कलाने

तैलचित्राची गोष्ट सहसा युरोपातल्या एखाद्या चित्रशाळेपासून सुरू करतात. ती परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या काळ्या रानापासूनही सुरू करता येते, आणि तशी केली तर लवकर समजते. पावसाळा सरताना, जमिनीत ओल असतानाच इथे करडई पेरतात. खोल मुळांचं, अंगावर काटे मिरवणारं आणि पुढे पाणी नाही मिळालं तरी तग धरणारं हे पीक. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात या पिकावर वर्षानुवर्षं काम चाललं आहे. ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण तिथलाच. दुसरं पीक जवस. निळ्या फुलांचं, नाजूक काडीचं. एकेकाळी रब्बीच्या रानात त्याची हमखास ओळ असायची. आता बहुतेक घरांत ते चटणीपुरतं उरलं आहे.

चित्रकाराच्या टेबलावर ही दोन्ही पिकं शेजारी शेजारी असतात. रंगसाहित्याच्या दुकानात ‘लिन्सीड ऑइल’ म्हणून जी बाटली मिळते ती जवसाच्या तेलाची, आणि ‘सॅफ्लॉवर ऑइल’ म्हणजे करडईचं तेल. ट्यूबमधला रंगही याच तेलांत खललेला असतो. रंगद्रव्याची बारीक पूड आणि वाळणारं तेल, एवढाच तैलरंगाचा मूळ मसाला.

कोरा कॅनव्हास ते भिंतीवर लागलेलं चित्र, या प्रवासात चित्रकाराला बरेच नियम पाळावे लागतात. आधी काय, नंतर काय, कुठे थांबायचं, कुठे घाई केली तर महागात पडतं. हे नियम कुणा गुरूच्या लहरीतून आलेले नाहीत. ते तेलाच्या स्वभावातून आले आहेत, आणि तो स्वभाव कळला की नियम पाठ करावे लागत नाहीत.

वाळणं कशाला म्हणायचं

जलरंग वाळतो तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं. तैलरंगातलं तेल कुठेही उडून जात नाही. ते जागेवरच घट्ट होतं. करडईच्या तेलाच्या डब्याच्या तोंडाशी किंवा शेगडीमागच्या फरशीवर जो पिवळसर, चिवट थर बसतो आणि साबणालाही दाद देत नाही, त्यात हीच क्रिया घडलेली असते. तेलाच्या रेणूंमध्ये काही ठिकाणी कार्बनचे दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन तिथे शिरकाव करतो, शेजारशेजारचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचं हळूहळू जाळं विणलं जातं. वाळताना तेलाचं वजन सुरुवातीला घटत नाही, उलट वाढतं, कारण ते हवेतला ऑक्सिजन आपल्यात घेत असतं.

सगळीच तेलं असं करत नाहीत. खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या तेलात रंग खलला तर चित्र महिनोन्महिने बोटाला लागत राहील. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं. त्याच्या एका साखळीत तीन दुहेरी बंध, म्हणून ते चांगलं आणि कणखर वाळतं. मात्र कालांतराने पिवळंही पडतं. करडईच्या तेलात दोन बंधांचं लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं. ते सावकाश वाळतं, त्याचा थर थोडा कमी मजबूत होतो, पण पिवळेपणा कमी येतो. म्हणून रंग तयार करणारे कारखाने पांढरा आणि फिका निळा अनेकदा करडईच्या तेलात खलतात, आणि मातकट, गडद रंग जवसाच्या. इथे एक मजेची गोष्ट आहे. आहाराच्या दृष्टीने एका बंधाचं ओलेइक आम्ल जास्त असलेले करडईचे वाणही आता निघाले आहेत. स्वयंपाकघरात ते तेल अधिक टिकतं, आणि नेमक्या त्याच गुणामुळे चित्रकाराच्या कामाचं राहत नाही. जे तेल खवट व्हायला वेळ लावतं, ते वाळायलाही वेळ लावतं.

करडईच्या पाकळ्यांपासून पूर्वी कुसुंबी रंग काढत आणि त्यात कापड रंगवत. तो रंग दिसायला देखणा, पण उन्हात टिकत नाही. त्यामुळे करडईची बी चित्रकाराला उपयोगी पडली. तिचं फूल तैलरंगात रुळलं नाही.

घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल थेट चित्राला वापरू नये. त्यात बियांचा चिकट अंश उतरलेला असतो. जुन्या चित्रशाळांत असं तेल पाण्याबरोबर काचेच्या बाटलीत घुसळत, चिकटा तळाशी बसू देत, वरचं तेल निथळून घेत आणि पुन्हा धूत. मग ती बाटली उन्हात ठेवत. उन्हाने तेल फिकं होतं. परभणीच्या एप्रिल-मेच्या उन्हात या कामाला उशीर लागायचा नाही.

एक इशारा मात्र इथेच दिला पाहिजे. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपल्यावर फडकी पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, हा चित्रशाळेतला पहिला धडा असायला हवा.

गुपितापासून वर्गापर्यंत

तेलात रंग कालवण्याची युक्ती पंधराव्या शतकात फ्लँडर्सच्या यान व्हान आयकने शोधली, अशी समजूत फार काळ चालत आली. ती खरी नाही. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांमधल्या सातव्या शतकाच्या आसपासच्या काही भित्तिचित्रांत वाळणारं तेल सापडल्याचं संशोधकांनी २००८ साली जाहीर केलं. व्हान आयक आणि त्याच्या काळातल्या चित्रकारांनी या माध्यमाला जे कसब दिलं ते मात्र निर्विवाद.

हिंदुस्थानात हे कसब उशिरा आलं आणि सुरुवातीला मुठीत झाकून ठेवलं गेलं. त्रावणकोरच्या दरबारात रामस्वामी नायडू हे चित्रकार तैलरंग जाणत होते, पण तरुण रविवर्म्याला ते शिकवायला राजी नव्हते. १८६८ च्या सुमारास थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम बघू दिलं. रविवर्मा बघत राहिला आणि बाकीचं स्वतः करून शिकला. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेमुळे ही विद्या पुढे वर्गात आली. पेस्तनजी बोमनजी, महादेव विश्वनाथ धुरंधर, आंतोनियो त्रिंदाद अशी नावाजलेली पिढी तिथून घडली.

कापड, सरस आणि अस्तर

उत्तम कॅनव्हास लिननचा मानतात, आणि लिनन निघतं जवसाच्याच झाडापासून. युरोपात उंच, सरळ वाढणारे जवसाचे वाण धाग्यासाठी लावतात. आपल्याकडचं बुटकं, फांद्या फुटणारं जवस बियांसाठी. म्हणजे कापड आणि त्यावरचा रंग हे एकाच वनस्पतीच्या काडीतून आणि बीतून आलेले असू शकतात. आपल्याकडे बहुतेकजण सुती कॅनव्हास वापरतात. तो स्वस्त असतो, फक्त हवेतल्या ओलीने जास्त सैल-घट्ट होतो. पावसाळ्यात चौकटीवरचं कापड ढिलं पडलं तर ते याच कारणाने.

कापडावर तेल थेट लागता कामा नये. वाळताना तेलात आम्लं तयार होतात, ती धाग्याला कुरतडतात आणि काही वर्षांत कापड ठिसूळ होतं. म्हणून आधी सरसाचा पातळ हात देतात. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस कोमट पाण्यात विरघळवून कापडावर फिरवला की धाग्यांची तोंडं बुजतात. त्यावर खडूची किंवा पांढऱ्या रंगाची पूड घातलेलं अस्तर. हल्ली हे काम ॲक्रिलिकच्या तयार प्रायमरवर भागतं. अस्तर वाळलं की बारीक काचकागदाने हलकेच घासायचं. बोट फिरवल्यावर कापडाची वीण जाणवावी, पण गाठ अडखळू नये, इतकं. अस्तर फार गुळगुळीत झालं तर रंगाला पकड राहत नाही. फार शोषक झालं तर ते रंगातलं तेल पिऊन टाकतं आणि चित्र जागोजाग मंद, कोरडं दिसू लागतं.

पहिला हात

कोऱ्या पांढऱ्यावर रंगाची नेमकी उजळ-गडद पातळी ठरवणं अवघड जातं; पांढऱ्याशेजारी सगळंच काळं वाटतं. म्हणून बरेच चित्रकार आधी संपूर्ण कॅनव्हासवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला उंबर (‘अंबर’ हा मातीचा तपकिरी रंग) किंवा भाजल्या मातीचा तांबूस रंग फडक्याने पुसून घेतात. मग त्यावर कोळशाने किंवा पातळ रंगानेच रेखाटन. कोळशाने काढलं तर जादा भुकटी झटकून टाकायची, नाहीतर ती वरच्या रंगात मिसळून मळ आणते.

त्यानंतर छाया-प्रकाशाचे मोठे भाग मांडायचे. डोळे किलकिले करून विषयाकडे पाहिलं की बारकावे नाहीसे होतात आणि तीन-चार मोठे भाग उरतात. चित्राची बांधणी त्यावरच उभी राहते. इथे नाकाची शेंडी किंवा कानातला डूल रंगवत बसलं की चित्र पुढे कुठेतरी अडतं. चित्रकार या टप्प्यासाठी उंबर पसंत करतात त्याला आणखी एक कारण आहे. उंबरमध्ये मँगनीज असतं आणि मँगनीज तेलाला लवकर वाळवतं. दिवस-दोन दिवसांत पुढच्या थराला तो तयार होतो. याच्या उलट काजळीचा काळा: तो भरपूर तेल शोषून घेतो आणि वाळायला कितीतरी दिवस लावतो. खालच्या थरात तो जाड लावला तर वरचं सगळं धोक्यात येतं.

कमी तेलाचं आधी, तेलकट नंतर

तैलचित्रातला सर्वात महत्त्वाचा नियम हाच आहे. पहिल्या थरांत तेल कमी, टर्पेंटाइन जास्त. वर येत जाल तसं तेल वाढवायचं. याचं कारण पुन्हा वाळण्यात आहे. कमी तेलाचा थर लवकर घट्ट होतो. जास्त तेलाचा थर लवचिक राहतो आणि बरेच दिवस हलत राहतो, म्हणजे आधी किंचित फुगतो आणि मग आकसतो. लवचिक थर कणखर थरावर बसला तर काही बिघडत नाही. उलट केलं, म्हणजे लवकर वाळणारा थर अजून हलत असलेल्या तेलकट थरावर चढवला, तर वरच्याला खालच्याची हालचाल सोसत नाही आणि भेगा पडतात. या भेगा दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत. त्या दोन-चार वर्षांनी दिसतात, चित्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात लागल्यावर.

पांढऱ्याची निवडही याच हिशेबाने करावी लागते. शिशाचा सफेदा लवकर वाळायचा आणि मजबूत थर द्यायचा, पण तो विषारी. जस्ताचा सफेदा विषारी नाही, मात्र त्याचा थर काळाबरोबर ठिसूळ होतो. विसाव्या शतकात आलेल्या टायटॅनियमच्या पांढऱ्याने बहुतेक कामं अंगावर घेतली.

या थरांमध्ये थांबणं आलंच. म्हणूनच कसलेले चित्रकार एकाच वेळी दोन-तीन चित्रं हाताळतात. एक वाळत असताना दुसऱ्यावर काम चालतं. परभणीसारख्या ठिकाणी ऋतूप्रमाणे हे वेळापत्रक बदलतं. उन्हाळ्यात रंग झपाट्याने घट्ट होतो, पण वाऱ्याबरोबर येणारी धूळ ओल्या थरावर बसते. चित्र भिंतीकडे तोंड करून, वरची कड थोडी पुढे झुकवून ठेवलं तर ती टाळता येते. लवकर वाळावं म्हणून चित्र भर दुपारच्या उन्हात ठेवणं मात्र वाईट. जाड थराची वरची साय आधी घट्ट होते, आतलं तेल ओलंच राहतं आणि पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. थंडीत इथला पारा चांगलाच उतरतो. तेव्हा दोन दिवसांचं काम चार दिवस मागतं. पावसाळ्यात दमट हवा आणि कापडावरची बुरशी सांभाळावी लागते.

थांबायचं नसेल तर दुसरी वाट आहे: ओल्यावर ओलं रंगवत एकाच बैठकीत चित्र संपवायचं. व्यक्तिचित्राच्या प्रात्यक्षिकात चित्रकार हेच करतात. त्यात थरांचा प्रश्न येत नाही, कारण थर एकच असतो. मात्र प्रत्येक फटकारा आधी ठरवून मारावा लागतो. दोनदा घोळवलेला रंग मळकट होतो.

पोत आणि झिलई

खालचे थर वाळले की तैलरंगाची खरी श्रीमंती वापरता येते. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात, १९६८ साली ते उघडलं तेव्हापासून, गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन भव्य तैलचित्रं आहेत. एक स्त्रीभूमिकेतलं, दुसरं पुरुषवेशातलं. माणूस एकच, आणि तरीही वस्त्र, दागिने, त्वचा, उभं राहण्याची ढब यांतून दोन व्यक्ती समोर येतात. माध्यमाचं बळ अजमावायचं असेल तर ही जोडी बघण्यासारखी आहे.

वास्तववादी तैलचित्रात जरीचा काठ कसा उमटतो, ते जवळून पाहिलं तर नवल वाटतं. तिथे सोनेरी रंग नसतो. आधी काठाचा भाग मातकट पिवळ्या आणि तपकिरीच्या मधल्या, काहीशा मंद छटेने भरलेला असतो. घडीत जाणाऱ्या भागावर तोच रंग आणखी गडद. हे वाळल्यावर, प्रकाश पडतो तेवढ्याच ठिकाणी, पिवळ्यात पांढरा मिसळून केलेल्या घट्ट रंगाचे मोजके ठिपके ब्रशच्या टोकाने ठेवायचे. ठेवायचे म्हणजे ठेवायचेच, ओढायचे नाहीत. लांबून पाहणाऱ्याला सगळा काठ चमकताना दिसतो. वीतभर अंतरावरून दिसतात फक्त आठ-दहा गोळे.

चेहऱ्याच्या छायेसाठी उलट युक्ती. वाळलेल्या थरावर पारदर्शक रंगाचा, तेल जास्त असलेला, अगदी पातळ पडदा फिरवतात. प्रकाश त्यातून खाली जातो, खालच्या फिक्या थरावर आपटून परत येतो आणि रंग आतून उजळल्यासारखा भासतो. पॅलेटवर रंग मिसळून हा परिणाम मिळत नाही. असा पडदा जेवढा पातळ तेवढा बरा. प्रकाशाच्या जागा जाड रंगाने आणि छाया पातळ रंगाने, ही जुन्या चित्रकारांची रीत यातूनच रुळली.

कुठे थांबायचं

चित्र पूर्ण झालं हे कसं ओळखायचं? व्यवहारातल्या काही कसोट्या आहेत. चित्र आरशात पाहायचं. उलटी प्रतिमा चुकलेलं रेखाटन लगेच दाखवते. चार दिवस चित्राकडे पाठ फिरवायची आणि मग एकदम समोर यायचं. नजर आपण ठरवलेल्या जागी प्रथम जाते का ते तपासायचं. दुरुस्तीची यादी करायची, आणि यादीतल्या गोष्टींनी चित्र सुधारण्याऐवजी नुसतं बदलू लागलं की ब्रश धुवायचा.

या बाबतीत वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण टोकाचं आणि म्हणून बोलकं आहे. जे. जे.चे विद्यार्थी, अमूर्त चित्रकार. रोलर, पॅलेट नाइफ, कागदाचे तुकडे अशा साधनांनी ते रंग चढवत आणि काढतही. वर्षाकाठी त्यांची जेमतेम पाच-सहा चित्रं होत. उरलेला काळ पाहण्यात आणि विचारात जाई. त्यांच्या कॅनव्हासवर रंग जितका लावलेला आहे तितकाच उचललेला आहे, आणि तो किती ओला असताना उचलायचा याचा अंदाज चुकला तर सगळं गेलं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं, तेव्हा या संथ कामाची जगाने दखल घेतली.

वार्निश आणि अजिंठ्याचा धडा

सही झाली म्हणजे काम संपलं असं नाही. बोटाला कोरडं लागणारं चित्र आत अजून वाळत असतं. त्यावर राळेचं वार्निश चढवायचं ते सहा महिने ते वर्षभराने. एका कोपऱ्यावर टर्पेंटाइनमध्ये किंचित ओलं केलेलं पांढरं फडकं हलकेच फिरवून बघतात. त्यावर रंग उतरला तर अजून थांबायचं. वार्निशची कामं दोन. मंद पडलेले आणि तकतकीत राहिलेले भाग ते एकसारखे करतं, आणि धूळ-धूर स्वतःवर घेतं. शिवाय ते काढता येण्याजोगं असावं लागतं. पन्नास वर्षांनी पिवळं पडलं तर संवर्धक ते उतरवून नवं चढवतो, खालच्या रंगाला धक्का न लावता. घाईने, अर्धवट वाळलेल्या रंगावर दिलेलं वार्निश रंगात मुरतं आणि मग ते वेगळं काढता येत नाही.

वार्निश चुकीच्या जागी पडलं तर काय होतं, याचा धडा आपल्या मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याची चित्रं तैलरंगातली नाहीत. मातीच्या लेपावर, डिंक-सरसासारख्या बंधकात कालवलेल्या रंगांनी ती काढलेली आहेत, आणि त्यांचा पृष्ठभाग मुळात निस्तेज, श्वास घेणारा. १८४४ पासून रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने त्यांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत गेल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जे. जे.च्या जॉन ग्रिफिथ्सने पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी बरोबर घेऊन पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. प्रतिकृती करताना भिंतीवरचे रंग खुलून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश फिरवलं गेलं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन संवर्धकांनी लाखेचा लेप दिला. हे लेप काळाबरोबर पिवळे, तपकिरी झाले, त्यांनी धूळ धरली, आणि पुढच्या पिढ्यांना ते काढण्यात वर्षं घालवावी लागली. हेतू वाईट नव्हता. पण जो लेप तैलचित्राला राखतो तोच दुसऱ्या माध्यमाला झाकोळतो.

म्हणून चित्र घराबाहेर पडण्याआधी एक शेवटचं काम चित्रकाराने करावं. कॅनव्हासच्या पाठीमागे, चौकटीच्या लाकडावर, पेन्सिलीने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: अस्तर कशाचं, तेल कोणतं, शेवटचा थर कोणत्या महिन्यात दिला आणि वार्निश केव्हा चढवलं. पुढून दिसणाऱ्या सहीमुळे चित्र कुणाचं ते कळतं. पाठीमागच्या या चार ओळींमुळे ते वाचवता येतं.